फाटकाशेजारचं घर: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या जुन्या इस्टेटी आणि त्यांच्या फाटकांवरची राखणदारांची घरं यांच्यावर गेल्या अंकात एक छोटं टिपण दिलं होतं. त्यावर पुण्यातून बरीच पत्रं आली. कुणी तिकडे जाणार आहे, कुणाला आपल्या वाड्याची देवडी आठवली, तर कुणी थेट दुरुस्तीचाच प्रश्न विचारला. त्यातली ही निवडक पत्रं.

प्रश्न : मुलगी डर्बीला नोकरी करते. जूनमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहोत. मागच्या खेपेला मोठ्या फाटकांजवळ अगदी लहान, नक्षीदार घरं दिसली. मुलगी म्हणाली, ही लॉज आहेत. म्हणजे उतरायची सोय का? गाडी न चालवता यातलं काय पाहता येईल?
(एक वाचिका, कोथरूड)

नाही, उतरायची सोय नव्हे. आपल्याकडे लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरची खोली, म्हणून हा घोटाळा होतो. तिथे मोठ्या जमीनदाराच्या इस्टेटीच्या फाटकावर जो राखणदार राही, त्याच्या घराला गेट लॉज म्हणतात. मालकाची हवेली तिथून अर्धा मैल, कधी त्याहून बरीच आत असते. बग्गीची चाहूल लागली किंवा घंटा वाजली की वेळी-अवेळी उठून फाटक उघडायचं, हे त्या कुटुंबाचं काम. घरातला पुरुष बहुधा दिवसभर इस्टेटीवर माळीकाम किंवा शिकारीच्या पाखरांची राखण करी. फाटक प्रत्यक्षात सांभाळी ती त्याची बायको. घर फुकट किंवा नाममात्र भाड्याने मिळे, पण नोकरी सुटली की छप्परही जाई.

ओळखायला सोपी खूण म्हणजे खिडकी. भिंतीतून पुढे आलेली, तीन अंगांनी काच असलेली खिडकी असेल तर आतल्या बाईला चूल न सोडता सार्वजनिक रस्ताही दिसे आणि हवेलीकडून येणारी वाटही. दुसरी खूण अशी की सगळी नक्षी वाटेकडच्या बाजूला असते. मागे जाऊन पाहिलंत तर साधी भिंत, कोळशाची खोली आणि झुडपांआड लपवलेला संडास. पाहुण्याला जे दिसेल तेवढंच सजवायचं, असा हिशेब.

पाहायला सुरुवात डर्बी शहरातूनच करा. डर्बी आर्बोरेटम ही बाग जोसेफ स्ट्रट यांनी शहराला दिली आणि जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आखली. ती 1840 मध्ये खुली झाली. तिच्या प्रवेशद्वारांवरची लॉज एडवर्ड लॅम्ब यांनी रचली. सार्वजनिक बागेलाही इस्टेटीसारखं फाटकावरचं घर हवं, ही कल्पना तिथे नीट दिसते, आणि स्टेशनापासून चालत जाता येतं. दुसरा दिवस केडलस्टन हॉलला द्या. डर्बीच्या वायव्येला साधारण 8 किलोमीटरवर आहे. तिथे टॅक्सीनेच जा, कारण बसथांब्यापासून बरंच चालावं लागतं. उत्तरेकडची लॉज वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम यांची, 1760 च्या दशकातली. मधे कमान, दोन्ही अंगांना राखणदाराच्या खोल्या. आत गेल्यावर तळ्याकाठचा मासेमारीचा मंडप चुकवू नका. वर गळ टाकायला खोली, बाजूंना होड्यांच्या खोल्या आणि खाली थंड पाण्याचं स्नानकुंड, असं सगळं एका लहानशा इमारतीत बसवलेलं आहे.

तिसरा दिवस चॅट्सवर्थ. शेफील्डहून बस जाते; वेळापत्रक निघायच्या आठवड्यातच पाहा, कारण रविवारी आणि सुट्टीला ते बदलतं. हवेलीसमोरच्या गर्दीत सगळा वेळ घालवू नका. नदीपलीकडचं एडन्सर हे गाव बघा. स्थानिक लोक त्याचा उच्चार ‘एन्झर’ असा करतात. चॅट्सवर्थच्या मालकाने, म्हणजे डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकने 1838 ते 1842 या काळात जुनं गाव हलवून हे नवं वसवलं. जोसेफ पॅक्स्टन आणि जॉन रॉबर्टसन यांनी जवळपास प्रत्येक घर वेगळ्या शैलीत बांधलं. आमच्या मते इस्टेटीवरची घरं समजून घ्यायला सबंध परगण्यात याहून चांगली जागा नाही.

अशा छोट्या इमारतीत राहायचंच असेल तर लँडमार्क ट्रस्ट ही 1965 मध्ये सुरू झालेली संस्था जुन्या वास्तू दुरुस्त करून काही दिवसांसाठी भाड्याने देते. डर्बीजवळचा 1630 च्या सुमाराचा स्वार्कस्टन पॅव्हिलियन त्यातलाच. दोघांचीच सोय आहे, आणि न्हाणीघर गच्चीपलीकडच्या बुरुजात असल्यामुळे उघड्यावरून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आधी जिन्यांची चौकशी करा. बाकी बहुतेक लॉजमध्ये आज लोकांचे संसार आहेत. फोटो रस्त्यावरून काढा, कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

प्रश्न : रस्त्याला लागून असलेलं अष्टकोनी घर लॉज समजून त्याचा फोटो मित्रमंडळात पाठवला. एकाने ते टोलनाकं असल्याचं सांगितलं. फरक कसा ओळखायचा?
(एक वाचक, बिबवेवाडी)

मित्राचं बरोबर असण्याचा संभव आहे. टोलघर रस्त्याच्या अगदी कडेला, कधी रस्त्यात घुसलेलं असतं. त्याच्या बाजूला हवेलीकडे जाणारी वाट नसते आणि फाटकाचे दगडी खांबही नसतात. दारावर खिडकीएवढा बुजवलेला कोनाडा दिसला तर तो बहुधा दरफलक लावायचा. लॉजचं तोंड खासगी वाटेकडे असतं. डर्बीशरमधल्या स्टोनी मिडलटनचं अष्टकोनी टोलघर 1840 च्या सुमाराचं आहे आणि तिथे तळलेले मासे मिळतात. तिकडे गेलात तर आत शिरून पाहता येणारं हे टोलघर आहे.

प्रश्न : आमच्या वाड्याला दिंडी दरवाजा आहे, आत दोन्ही बाजूंना देवड्या आहेत. इंग्लंडमधली लॉज म्हणजे त्यांची देवडीच म्हणायची का?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

काम एक, पण जागा आणि जगणं वेगळं. हा फरक थोडा सविस्तर सांगतो, कारण दोन्हीकडची घरं कशी घडली ते त्यातून उलगडतं.

पेठेतला वाडा रस्त्याला भिडलेला असतो. दरवाजा वाड्याच्याच भिंतीत. आत शिरलं की बोळासारखी जागा, दोन्ही अंगांना ओटे. पहारेकरी, निरोप्या, भेटीला आलेला माणूस, सगळे तिथेच थांबणार. मुख्य कवाडं एरवी बंद, आणि रोजचं येणं-जाणं एका कवाडातल्या दिंडीतून. दिंडी मुद्दाम ठेंगणी. वाकून, डोकं आधी आत घालून, एकेकट्याने शिरायचं म्हणजे आतल्याला माणूस पारखायला वेळ मिळतो. हाच विचार मोठ्या मापात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात आहे: हत्तीने धडक देऊ नये म्हणून कवाडांवर टोकदार खिळे, माथ्यावर नगारखाना, आणि मोठ्या कवाडातून नेहमीच्या वापराची दिंडी. वाड्याचा पाया 1730 मध्ये घातला गेला. 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा गेला, पण दरवाजा आणि तट राहिले.

इंग्लंडमध्येही आधी असंच होतं. डर्बीशरमधलाच हॅडन हॉल पाहा. तिथे चौकात जायला बुरुजाखालच्या दारातूनच वाट आहे. म्हणजे दरवाजा हा घराचाच अवयव. 1640 च्या दशकातली यादवी संपली तशी अशा दरवाजाची लष्करी गरज ओसरली. पुढच्या शतकात श्रीमंतांची आवड बदलली. हवेलीभोवती शेत, गाव किंवा रस्ता नको. नजर जाईल तिथवर हिरवळ, तळं, झाडांचे पुंजके आणि चरणारी हरणं हवीत. केपेबिलिटी ब्राउनसारख्या आखणीकारांनी या आवडीला रूप दिलं. त्यासाठी रस्ते वळवले, गावं उठवली. केडलस्टनला 1759 नंतर नवी हवेली उभी राहताना जुनं गाव दूर नेलं. जुनं चर्च तेवढं हवेलीला खेटून उरलं. भोवतालची जमीन मोठी झाली, तसं फाटकही घरापासून सुटून पार्काच्या कडेला गेलं. फाटक इतकं लांब म्हटल्यावर राखणदाराला वाड्यातून हाक मारून चालणार नव्हतं. त्याला तिथेच वस्तीला ठेवणं भाग पडलं, आणि लॉज जन्माला आली.

म्हणून देवडी ही पाळीवर बसायची जागा आहे आणि लॉज हे राहतं घर. पण ते घर राहणाऱ्याच्या सोयीने बांधलेलं नव्हतं. सगळ्यात वाईट हाल जोड-लॉजमध्ये. फाटकाच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखी, मिरपुडीच्या डबीसारखी दोन घरं, चित्रात सुंदर. प्रत्यक्षात एकात चूल आणि दुसऱ्यात बिछाना. मधे बग्गीची वाट, म्हणजे पोरांना जेवू घालून पावसात पलीकडे झोपायला न्यायचं. हवेलीतून निघालेल्या मालकाला सममिती दिसावी म्हणून एका कुटुंबाने जन्मभर हा त्रास सोसायचा. अशी लॉज पाहताना वाट ओलांडून दोन्ही दारांपर्यंत स्वतः चालून बघा.

एक साम्य मात्र तंतोतंत आहे. इस्टेटीच्या मोठ्या लोखंडी फाटकाच्या बाजूला पायी येणाऱ्यांसाठी लहान दार असतं, त्याला विकेट म्हणतात. ती तिकडची दिंडीच. क्रिकेटच्या विकेटचं नावही या छोट्या फाटकावरूनच आलं आहे.

प्रश्न : कोलकात्याचं राजभवन ही कर्झनच्या घराची नक्कल आहे, असं ऐकलं. खरं आहे का?
(एक वाचक, एरंडवणे)

आराखडा कर्झन घराण्याच्या केडलस्टन हॉलवरून घेतलेला आहे, हे खरं. पण तो लॉर्ड कर्झन यांनी घेतलेला नाही. ती इमारत वेलस्ली गव्हर्नर जनरल असताना, 1799 ते 1803 मध्ये बंगाल इंजिनिअर्सच्या चार्ल्स वायट यांनी बांधली. कर्झन त्यानंतर शंभरेक वर्षांनी व्हॉइसरॉय म्हणून आले आणि आपल्या घराच्या धर्तीच्या घरात राहिले, हा योगायोग. केडलस्टनच्या योजनेत मधल्या इमारतीला वक्र मार्गिकांनी जोडलेले चार मंडप होते. बांधून झाले दोनच. कोलकात्यात चारही झाले. तिथल्या दमट हवेत चार बाजूंना पंख पसरल्याने वारा खेळायला वाव मिळाला, म्हणून तो आराखडा बंगालात अधिक शोभतो असं आमचं मत आहे. केडलस्टन दगडाचं आहे, कोलकात्याची इमारत विटांची आणि गिलाव्याची.

प्रश्न : वाड्याच्या दर्शनी भागात जोतं काळ्या दगडाचं आणि वर जुन्या पातळ विटा आहेत. आठ वर्षांपूर्वी दगडाच्या दर्जा (दोन दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून घेतल्या. आता दगड ठीक आहे, पण वरच्या विटांची पूड पडते आहे, पांढरे फुलोरे येतात. मोठं कवाडही घासतं. काय करावं?
(एक वाचिका, कसबा पेठ)

हा त्रास पुण्यातल्या जुन्या पेठांत आणि डर्बीशरमधल्या लॉजमध्ये एकाच कारणाने होतो. भिंतीच्या पोटात चुना आणि दगडाचे तुकडे असतात. जमिनीतली ओल त्यातून वर चढते. आपला काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे ती ओल बाहेर पडायचा रस्ता एकच, चुन्याच्या दर्जा. त्या सिमेंटने बुजवल्या. ओल थांबली नाही, ती आणखी वर चढून विटांतून बाहेर पडू लागली. पाणी उडून जातं, त्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. म्हणजे रोग विटेत दिसतो, मूळ जोत्यात आहे. विटांवर सिलिकॉन किंवा प्लास्टिक पेंट लावून घेऊ नका. त्याने उरलेली वाटही बंद होईल.

आधी पाणी शोधा, मग चुन्याला हात लावा. पन्हळी आणि पागोळ्या कुठे पडतात, नळाची गळती आहे का, गटार तुंबलंय का, हे पाहा. पेठांतला नेहमीचा दोष म्हणजे डांबराचे थर चढत चढत रस्ता जोत्याच्या वर येणं. मग पावसाचं पाणी भिंतीकडेच वाहतं. आपल्या हद्दीत भिंतीला लागून सिमेंटची फरशी असेल तर 30 ते 45 सेंटीमीटरची पट्टी काढून तिथे खडी भरा. एवढं करून निदान एक पावसाळा जाऊ द्या. अनेकदा निम्मा त्रास इथेच कमी होतो.

मग सिमेंट काढणं. हातोडी आणि अरुंद छिन्नी, बस. ग्राइंडर भिंतीला लागू देऊ नका. दगडाच्या कडा एका झटक्यात जातात आणि पुन्हा येत नाहीत. दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, किमान 20 ते 25 मिलीमीटर उकरा. जिथे सिमेंट दगडाची कड घेऊनच निघतंय तिथे ते राहू द्या. सैल माती ब्रशने झाडा, आदल्या दिवशी आणि कामाच्या आधी पाणी मारा. भिंत ओलसर हवी, ठिबकणारी नको.

चुना कळीचा घ्या आणि स्वतःसमोर भिजवा. पिंपात आधी पाणी, मग त्यात थोड्या थोड्या कळ्या. उलट केलंत तर चुना उसळून अंगावर येतो. पाणी उकळतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे लावल्याशिवाय कुणी जवळ जाऊ नये, लहान मुलं तर नाहीच. गाळून पाण्याखाली ठेवा, कमीत कमी 15 दिवस. 3 महिने ठेवलात तर गवंडी तुम्हाला दुवा देईल. कोरड्या जागी 1 भाग चुना आणि अडीच ते 3 भाग वाळू. जोत्यासारख्या ओलसर जागी 1 भाग चुना, 1 भाग सुरखी आणि 2 भाग वाळू, कारण भाजलेल्या विटेची पूड चुन्याला ओलीतही घट्ट व्हायला मदत करते. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. काळ्या पडलेल्या खंगरी विटेची पूड नुसती वाळूसारखी वागते. वाळूची परीक्षा घरी होते. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या. क्रश्ड सँड वापरणार असाल तर बारीक धूळ चाळून काढा. चुना भेगाळण्याचं ते मोठं कारण आहे.

गूळ, हिरडा, उडीद घालायचे का, असं हमखास विचारलं जातं. जुन्या कामांत ते घालत, आणि त्यामागे अनुभव होता. पण गूळ जास्त झाला तर चुना लवकर धरत नाही आणि मुंग्याही येतात. आधी वाड्याच्या मागच्या भिंतीवर हातभर नमुना करून महिनाभर पाहा. नमुन्याशिवाय समोरच्या भिंतीवर प्रयोग नको.

भरताना एका वेळी 10 ते 12 मिलीमीटरचा थर, दाबून. तो आवळला की पुढचा. शेवटचा थर दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा, दगडावर पसरवू नका. दुसऱ्या दिवशी ताठ ब्रशने ठोकून घ्या, म्हणजे वरची साय जाते आणि श्वास घेणारा खरखरीत पोत येतो. मग गोणपाट टांगून 10 ते 14 दिवस ओलसर ठेवा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो. वाळला तर ते थांबतं, आणि पाण्यात बुडाला तरी थांबतं. म्हणून पुण्यात या कामाचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात केलेलं काम नखाने उकरलं जातं.

विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने धुतलेत तर ते पुन्हा भिंतीत जातील. निम्म्याहून अधिक झिजलेल्या विटाच तेवढ्या बदला, त्याही पाडकामातून मिळालेल्या त्याच मापाच्या. बाकीच्यांवर चुन्याच्या पाण्याचे तीन-चार पातळ हात पुरतात.

कवाडाबद्दल: जुनी कवाडं वर-खाली खुंटांवर फिरतात. खालचा खुंट आणि दगडातली खोबण झिजली की कवाड बसतं आणि उंबरठ्याला घासतं. सुतार रंधा घेऊन खालची कड तासायला निघतो, त्याला थांबवा. चार माणसांनी कवाड उचलून धरायचं, खोबणीतली माती काढायची आणि तळाला योग्य जाडीची पितळी चकती बसवायची. लाकडावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. पॉलियुरेथेन व्हार्निश नको. त्याचा पापुद्रा सुटला की आत पाणी अडकतं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून टाका.

तुम्ही कसब्यात आहात म्हणून आणखी एक. शनिवारवाडा केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या 200 मीटरमध्येही बांधकामावर नियंत्रण आहे. अंतर आधी मोजून घ्या, आणि वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का तेही हेरिटेज सेलमध्ये विचारा. इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय असा बदल करणं फौजदारी गुन्हा आहे, मग ती दोन खोल्यांची लॉज का असेना.

प्रश्न : बंगल्याच्या फाटकाचा दगडी खांब बिजागरीपाशी उभा तडकला आहे. गवंडी म्हणतो, पाया खचला. पण खांब ओळंब्यात आहे.
(एक वाचक, डेक्कन जिमखाना)

ओळंब्यात असेल तर पायाला दोष देऊ नका. दगडात रोवलेल्या लोखंडाला गंज चढला असणार. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि दगड आतून फोडतो. जुने कारागीर लोखंडाभोवती शिसं ओतत, ते पाणी अडवण्यासाठीच. शिसं निसटलं किंवा नंतर कुणी तिथे सिमेंट भरलं की गंज सुरू. इस्टेटींच्या फाटकांवर हीच तक्रार सगळ्यात जास्त दिसते. आधी फाटक काढून टेकवा, म्हणजे खांबावरचं वजन जाईल. गंजलेला तुकडा काढून स्टेनलेस स्टीलचा बसवा, भोवती शिसं. शिशाचं काम जाणकाराकडूनच, उघड्या हवेत. भोक पूर्ण कोरडं नसेल तर वाफेने शिसं उडून चेहऱ्यावर येतं. तडा चुन्याने भरा. फाटक उघडल्यावर त्याचं टोक जमिनीवरच्या दगडावर टेकेल अशी सोय करा.

प्रश्न : पुण्यात इंग्रजी इस्टेटीसारखी आखणी कुठे दिसते?
(एक वाचिका, औंध)

विद्यापीठाच्या आवारात. बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत 1864 मध्ये गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या निवासाचं काम सुरू झालं, ते 1871 मध्ये पुरं झालं. रचनाकार जेम्स ट्रबशॉ. झाडीच्या मधोमध मनोऱ्याची इटालियन वळणाची इमारत, रस्त्यापासून आत, आणि तिथवर नेणारी वाट. फाटकातून मुख्य इमारत लगेच दिसत नाही, वळण घेतल्यावर समोर येते. हीच ती आखणी. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड आणि आयर्स्ट यांच्या बग्ग्या इथूनच बाहेर पडल्या, आणि फाटकाबाहेरच्या गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी त्यांना गाठलं. ‘गोंद्या आला रे’ ही खूण पुण्यात अजून सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : एका इस्टेटीच्या रानात मातीच्या ढिगाऱ्याखाली विटांचा घुमट आणि बोळ दिसला. भुयार होतं का?
(एक वाचक, सहकारनगर)

बर्फघर असावं. आपल्या धान्याच्या पेवासारखा, अंड्याच्या आकाराचा विटांचा खड्डा, निमुळतं टोक खाली. हिवाळ्यात इस्टेटीच्याच तळ्यातला बर्फ फोडून, ठेचून, घट्ट दाबून भरत, भोवती पेंढा. तळाला पाणी जायची मोरी, तीत वळण, म्हणजे पाणी बाहेर जाई पण गरम हवा आत येत नसे. बोळाला एकामागे एक दोन-तीन दारं, तोंड शक्यतो उत्तरेला. मोरी तुंबली की सगळा बर्फ वितळे. आत उतरू नका. असे खड्डे खोल असतात आणि काठ निसरडा.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सुट्टीत डर्बीशरमधल्या एका लॉजचा मोजणी-आराखडा करणार आहे. इमारतीचा काळ कसा ठरवू? असंच काम नंतर पुण्यातल्या एका देवडीचं करायचं आहे.
(एक विद्यार्थिनी, कर्वेनगर)

मालकाची लेखी परवानगी आधी. मग इमारतीकडे जाण्यापूर्वी नकाशे. 1836 च्या कायद्यानंतर गावोगाव झालेले टाइद (चर्चला द्यायच्या दशांश कराचे) नकाशे आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे 1:2500 मापाचे जुने नकाशे, कालक्रमाने एकावर एक ठेवून पाहा. एका नकाशात लॉज नाही आणि पुढच्यात आहे, म्हणजे तिचा जन्म त्या दोन सालांच्या मधला. डर्बीशरचा दप्तरखाना मॅटलॉकला आहे; इस्टेटीच्या हिशेबवह्या असल्या तर त्यांत गवंडी, सुतार, काचवाला यांची देणी सापडतात. संरक्षित इमारतींची राष्ट्रीय यादी इंटरनेटवर मोफत आहे, पण तिच्यातली तारीख अंतिम समजू नका. बरीच वर्णनं बाहेरून पाहून लिहिलेली आहेत.

मोजताना कोन काटकोन आहेत असं गृहीत धरू नका. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण घ्या. अष्टकोनी लॉजमध्ये मधल्या एका बिंदूपासून प्रत्येक कोपऱ्याचं अंतर घ्या, नाहीतर कागदावर आकृती मिटत नाही. मापं धावती घ्या, म्हणजे टेप एकदाच लावून शून्यापासून सगळी वाचा. तुकड्यातुकड्याने घेतली की चुका साठत जातात. उंचीसाठी एक आडवी पातळीरेषा सगळ्या भिंतींवर खडूने मारून घ्या, जुन्या दगडावर पेन्सिलही नको. भिंतीची जाडी दारांपाशी मोजा; एकाच घरात ती बदलली तर मागची बाजू नंतर वाढवलेली असण्याचा संभव मोठा. धुराड्याचं स्थान, बुजवलेली खिडकी, विटांचा बदललेला जोड, छताची जुनी रेघ हे वेगळ्या रंगाने दाखवा. बुजवलेली खिडकी दिसली की लगेच खिडकीपट्टीचं कारण देऊ नका. तो कर 1696 ते 1851 होता हे खरं, पण पुष्कळ आंधळ्या खिडक्या सममितीसाठी पहिल्यापासूनच तशा बांधल्या आहेत. आतल्या बाजूला चौकटीची खूण आहे का ते आधी तपासा.

पुण्यात नकाशांच्या जागी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि त्यासोबतचा नकाशा घ्या. पेशवेकालीन वाडा असेल तर पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. त्यासाठी मोडी वाचणारं कुणी सोबत हवं. देवडीत ओट्यांची उंची, कोनाडे, दिव्याच्या काजळीचे डाग, अडसराची भिंतीतली खोबण आणि उंबरठ्याची झीज नोंदवा. झीज मधोमध आहे की दिंडीच्या बाजूला, त्यावरून रोजची वाट कोणती होती ते कळतं.

आणि लॉजच्या आराखड्यावर एक रकाना माणसांसाठी ठेवा. इंग्लंडमध्ये 1841 पासून दर दहा वर्षांनी झालेल्या शिरगणतीचे जुने कागद पाहायला मिळतात. त्यात लॉजचं नाव शोधलं तर तिथे कोण राहत होतं, वय काय, धंदा काय, मुलं किती, ही सगळी माहिती मिळते. दोन खोल्यांत आठ माणसं निघाली तर ती नावं आराखड्याच्या कडेला, खोल्यांच्या मापांशेजारीच लिहा.